एका शहरात दोन घरपट्ट्या

नाशिकमध्ये फ्लॅट घ्यायला निघालेला माणूस पूर्वी तीन गोष्टी विचारायचा. पाणी महापालिकेचं की टँकरचं, पार्किंग मिळणार का आणि मेंटेनन्स किती. २०१८ नंतर या यादीत चौथा प्रश्न आला: इमारतीचा पूर्णत्वाचा दाखला कधीचा? १ एप्रिल २०१८ च्या आधीचा असेल तर घरपट्टी जुन्या दराने, नंतरचा असेल तर कितीतरी चढ्या दराने. इंदिरानगरात, पाथर्डी फाट्याला, गंगापूर रोडच्या आतल्या गल्ल्यांत अशा दोन इमारती समोरासमोर उभ्या दिसतात. दोघींना पाणी एकाच जलकुंभातून येतं, घंटागाडी तीच येते, पावसाळ्यात रस्त्यावरचा खड्डाही सामाईक. वर्षाचं बिल मात्र निरनिराळं.

घरपट्टी जास्त की कमी, यावर नाशिकमध्ये गेली काही वर्षं भरपूर बोललं गेलं. मोर्चे निघाले, महासभा गाजल्या, एका आयुक्तांवर अविश्वासाचा ठराव येऊन माघारी गेला. या सगळ्या कोलाहलात मूळ प्रश्न मागे पडला. सारख्या घराला सारखा कर लागत नसेल, तर तो वाढवला काय आणि कमी केला काय, अन्याय तसाच राहतो.

बिलावर नेमकं काय लिहिलेलं असतं

घरपट्टीचं बिल बहुतेक जण शेवटच्या ओळीपासून वाचतात. भरायची रक्कम पाहायची, मुदत पाहायची, कागद ड्रॉवरमध्ये. पण खरी गोम वरच्या बाजूला ‘करयोग्य मूल्य’ या रकान्यात असते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कराधान नियमांनुसार हे मूल्य काढायची रीत अशी: तुमचं घर भाड्याने दिलं तर वर्षाला वाजवी भाडं किती येईल, ते धरायचं. त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करायचे. उरलेली रक्कम म्हणजे करयोग्य मूल्य. घरात तुम्ही स्वतः राहत असलात, भाड्याचा एक रुपया कधी पाहिला नसला, तरी हिशेब भाड्याचाच.

या मूल्यावर मग एकेका कराची टक्केवारी बसते. सर्वसाधारण कर हा त्यातला मोठा भाऊ. त्याच्या मागे स्वच्छता कर, पाणी आणि मलनिस्सारणाशी निगडित लाभ कर, पथकर, अग्निशमन, वृक्ष कर, शिक्षण कर अशी रांग. त्यातला राज्य शिक्षण कर आणि बिगरनिवासी मिळकतींवरचा रोजगार हमी कर महापालिकेचे नाहीतच. १९६२ च्या कायद्याने ते राज्य सरकारचे आहेत. महापालिका फक्त गोळा करून देते. म्हणजे शिव्या खायच्या महापालिकेने आणि त्यातले काही पैसे जायचे मुंबईला.

टक्केवारी ठरवायचा अधिकार महासभेचा. कायद्यानं त्यासाठी २० फेब्रुवारीची मुदत घालून दिली आहे. नगरसेवकांना मतं मागायला जायचं असतं, त्यामुळे टक्के सहसा वाढत नाहीत. भाडेमूल्य ठरवणं हे प्रशासनाचं काम. नियम सांगतात की आकारणी पुस्तकाची किमान दर चार वर्षांनी पूर्ण फेरतपासणी झाली पाहिजे. प्रत्यक्षात राज्यातल्या बहुतेक शहरांत भाडेमूल्याचे दर वर्षानुवर्षे गोठलेले राहिले. कॉलेज रोडच्या एखाद्या दुकानाचं बाजारातलं भाडं पंधरा वर्षांत कितीही पट झालं, तरी बिलावरचं भाडं जुन्या काळातच राहिलं.

या गोठण्याची मुळं आणखी खोल आहेत. मुंबई प्रांतातल्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली आणि न्यायालयांनी घरपट्टीचा हिशेबही त्या ‘प्रमाणित भाड्या’पाशी आणून ठेवला. जुन्या नाशकात, भद्रकालीत आणि पंचवटीत वाड्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या नाममात्र भाड्याने राहणारी कुटुंबं होती. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरू जागा सोडेना, आणि करही त्या नाममात्र भाड्यावरच. दर पावसाळ्यात एखादा वाडा खचल्याची बातमी येते. तिच्या मागे या अर्थकारणाचाही वाटा आहे.

३१ मार्चचा आदेश

नाशिक महापालिका १९८२ ची. नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका आणि भोवतालची वीसेक खेडी एकत्र करून ती झाली. त्यामुळे महापालिकेच्या हद्दीत आजही द्राक्षबागा आहेत, मळे आहेत, गावठाणं आहेत. हा तपशील पुढच्या गोष्टीत महत्त्वाचा.

फेब्रुवारी २०१७ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांनी प्रचारसभेत नाशिक दत्तक घेत असल्याचं जाहीर केलं आणि १२२ पैकी ६६ जागा देऊन नाशिककरांनी भाजपला सत्ता दिली. वर्षभराने, फेब्रुवारी २०१८ मध्ये, तुकाराम मुंढे आयुक्त म्हणून आले. महापालिकेची तिजोरी पाहून त्यांनी पहिला हात घरपट्टीला घातला. निवासी मिळकतींना ३३, बिगरनिवासींना ६४ आणि उद्योगांना ८२ टक्के वाढीचा विषय महासभेपुढे आला. ओरड झाली आणि वाढ सरसकट १८ टक्क्यांवर आली. इथवर सगळं नेहमीसारखंच होतं.

खरा स्फोट झाला तो आर्थिक वर्षाच्या शेवटच्या दिवशी. ३१ मार्च २०१८ च्या आदेशाने आयुक्तांनी भाडेमूल्याचे दरच बदलले. नवे दर १ एप्रिलपासून नव्याने आकारणी होणाऱ्या मिळकतींना लागू. जुन्या मिळकतींचं मूल्य जिथल्या तिथे. शिवाय मोकळ्या जमिनीही नव्या दरांच्या कक्षेत आल्या. मोकळ्या जागेचा दर चौरस फुटाला ३ पैशांवरून ४० पैशांवर गेला.

चाळीस पैसे ऐकायला काहीच नाही. पण हा दर महिन्याचा आणि चौरस फुटाचा आहे, आणि एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. जुन्या दराने एका एकराचं वर्षाचं भाडेमूल्य दहा टक्के वजा जाता सुमारे १४ हजार रुपये होत होतं. नव्या दराने तेच १ लाख ८८ हजार. त्यावर सगळ्या करांचे टक्के लावले की एकरी कर लाखाच्या पुढे जातो, हे मखमलाबाद-आडगावकडच्या शेतकऱ्यांनी कागदावर मांडून दाखवलं. कांद्याचा भाव पडला तर एकरातून वर्षाला तेवढं सुटत नाही, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नव्हता. गावोगावी सभा झाल्या. ‘मी नाशिककर’ या नावाखाली बांधकाम व्यावसायिक, उद्योजक, शेतकरी आणि सर्वपक्षीय पुढारी एका व्यासपीठावर आले. इतर कुठल्या प्रश्नावर या मंडळींची अशी एकी नाशिकने क्वचितच पाहिली असेल.

वाद कायद्याचाही होता. नगरसेवकांचं म्हणणं, करवाढीचा अधिकार महासभेचा, आयुक्तांनी परस्पर वाढ कशी केली? प्रशासनाचं म्हणणं, आम्ही कराचा टक्का वाढवलाच नाही, मूल्य ठरवलं आणि मूल्य ठरवणं हे आमचं काम. दोघांच्याही म्हणण्याला कायद्यात आधार होता. नागरिकाच्या खिशाला मात्र दोन्हींचा परिणाम एकच.

महासभेने वाढ रद्द करण्याचा ठराव केला, प्रशासन बधलं नाही. ऑगस्टअखेर आयुक्तांवर अविश्वास ठरावाची तयारी झाली. सत्ताधारी भाजपच आपल्याच सरकारने पाठवलेल्या अधिकाऱ्यावर अविश्वास आणत होता. मुंढे यांच्या बाजूनेही नाशिककर रस्त्यावर उतरले. अखेर आयुक्तांनी दर बऱ्यापैकी खाली आणले आणि मुख्यमंत्र्यांच्या हस्तक्षेपानंतर ठराव मागे घेतला गेला. नोव्हेंबरात मुंढे यांची बदली झाली. नाशिकमधली त्यांची कारकीर्द जेमतेम नऊ महिन्यांची.

त्यानंतर राधाकृष्ण गमे, कैलास जाधव, रमेश पवार, चंद्रकांत पुलकुंडवार, अशोक करंजकर, मनीषा खत्री असे आयुक्त येत गेले. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि १५ जानेवारी २०२६ ला मतदान होईपर्यंत जवळजवळ चार वर्षं महापालिका प्रशासकाच्या हाती राहिली. ‘मुंढे यांची करवाढ रद्द करू’ हे आश्वासन प्रत्येक राजकीय हंगामात दिलं गेलं. जुन्या मिळकतींचं मूल्य नव्याने काढू, असं मात्र कुणी म्हटलं नाही. का म्हणेल? जुन्या मिळकतदारांची संख्या मोठी, नव्याने घर घेणाऱ्यांची थोडी.

त्यामुळे झालं काय ते हिशेबाने पाहू. हिशेबाच्या सोयीसाठी समजा, जुन्या इमारतीला चौरस फुटाला महिना पन्नास पैसे भाडेमूल्य आहे आणि नव्या इमारतीला दोन रुपये. दोन्हीकडे ८०० चौरस फुटांचा फ्लॅट. जुन्याचं वर्षाचं करयोग्य मूल्य ४,३२० रुपये, नव्याचं १७,२८०. सगळे कर मिळून ४० टक्के धरले तर जुना फ्लॅटवाला १,७२८ रुपये भरणार आणि नवा ६,९१२. गंमत अशी की जुना फ्लॅट कॉलेज रोडसारख्या मोक्याच्या जागी असला आणि नवा शहराच्या कडेला असला, तरीही हे चित्र उलटत नाही. कर्ज काढून कडेला पहिलं घर घेणारं तरुण जोडपं शहराच्या मध्यावर बसलेल्या सधन घराहून जास्त घरपट्टी भरू शकतं.

जकात गेली, सवय राहिली

महापालिकेने इतकी वर्षं हे चालू कसं दिलं? कारण तिला घरपट्टीची गरजच भासत नव्हती. शहराच्या वेशीवर जकात नाके होते. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत येणारा कच्चा माल आणि बाजारपेठेत येणारा माल नाक्यावर पैसे टाकून आत येई. जकात उद्योजकांना जाचक होती, ट्रकचालकांना त्याहून जाचक. पण महापालिकेला रोजच्या रोज रोकड देणारी होती. २०१३ मध्ये नाशिकमध्ये जकात जाऊन स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, आला. व्यापाऱ्यांनी त्यालाही विरोध केला. ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीला एलबीटी माफ झाला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर तो पुरता संपला.

त्याच्या बदल्यात राज्य सरकारने महापालिकांना भरपाई देण्याचा कायदा केला. २०१६-१७ चं उत्पन्न पाया धरून दरवर्षी आठ टक्के वाढ, अशी त्याची रचना. नाशिकला सुरुवातीलाच दरमहा सत्तर कोटींहून अधिक रक्कम मिळू लागली. २०२४-२५ चं महापालिकेचं अंदाजपत्रक २,६०० कोटींच्या घरात होतं. घरपट्टीची वसुली त्याच्या आदल्याच वर्षी पहिल्यांदा २०० कोटींच्या पुढे गेली, तेव्हा तो विक्रम म्हणून साजरा झाला. पाच लाखांच्या आसपास मिळकती, पंधरा लाखांची २०११ मधली लोकसंख्या, आणि घरपट्टीचा वाटा अंदाजपत्रकाच्या दहाव्या हिश्शालाही पोचत नाही.

याचा अर्थ फक्त पैशाचा नाही. ज्याच्या हातून पैसे येतात त्याच्याकडे माणूस पाहतो. महापालिकेला पगार आणि ठेकेदारांची बिलं भागवायला दरमहा मंत्रालयातून रक्कम येत असेल तर तिचे कान मंत्रालयाकडे लागणार. सिडकोतल्या किंवा जेलरोडच्या नागरिकाने तक्रार केली तर तो फार तर एक तक्रारदार. त्याच्या पट्टीवाचून महापालिकेचं काही अडत नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून शहरांना स्वराज्य मिळालं म्हणतात. पण स्वतःचं उत्पन्न नसलेलं स्वराज्य हे वडिलांच्या पैशावर चालणाऱ्या संसारासारखंच असतं.

देशभर हीच अवस्था आहे. भारतात मालमत्ता कराचं उत्पन्न राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याच्याही बऱ्याच खाली आहे. विकसित देशांत ते साधारण एक टक्क्याच्या आसपास असतं. २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीने उपग्रहाच्या छायाचित्रांवरून अंदाज बांधला होता की बंगळूर आणि जयपूर आपल्या क्षमतेच्या ५ ते २० टक्केच मालमत्ता कर गोळा करतात. पंधराव्या वित्त आयोगाने तर शहरांच्या अनुदानाला अटच घातली: राज्याने मालमत्ता कराचा किमान दर जाहीर करावा आणि वसुली राज्याच्या उत्पन्नवाढीच्या वेगाने वाढवून दाखवावी. दिल्लीहून पैसे हवे असतील तर गल्लीतली वसुली दाखवा, असा तो निरोप.

या पैशाचं होतं काय

‘आमच्याकडे पाणी दिवसाआड, रस्ते खोदून ठेवलेले, मग पट्टी कशाची भरायची?’ हे वाक्य नाशिकमध्ये कुठल्याही रांगेत ऐकू येतं. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धं आहे.

महापालिका काय काय चालवते ते एकदा मोजावं. गंगापूर आणि मुकणे धरणांतून पाणी उचलून शुद्ध करून पंधरा लाखांहून अधिक लोकांना पोचवणं. घंटागाडी, जिचा पायंडा आपण राज्याला घालून दिला असं नाशिककर अभिमानाने सांगतात. पाथर्डीचा खत प्रकल्प. गोदावरीत मैला जाऊ नये म्हणून मलनिस्सारण केंद्रं. नाशिकरोडचं बिटको, कथड्यातलं डॉ. झाकिर हुसेन ही रुग्णालयं. कालिदास कलामंदिर. प्राथमिक शाळा. कृषीनगरसारखे जॉगिंग ट्रॅक, ज्यांच्यावर पहाटे पाच वाजल्यापासून गर्दी असते. आणि ८ जुलै २०२१ पासून सिटीलिंक बस. शहर बस कुठेच फायद्यात चालत नाही. तिचा तोटा भरून काढायचा तो महापालिकेच्या तिजोरीतूनच.

या सेवा कुणासाठी आहेत, हे २१ एप्रिल २०२१ ला शहराने फार कडवटपणे पाहिलं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत झाकिर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीतून गळती झाली आणि त्या एका दिवसात २२ रुग्ण गेले. खासगी रुग्णालयाचं डिपॉझिट भरू न शकणाऱ्यांचं ते रुग्णालय होतं. टाकी बसवता येते, पैसा कुठून तरी येतो. ती सांभाळणारं प्रशिक्षित मनुष्यबळ वर्षानुवर्षे पोसायला मात्र खात्रीचं स्वतःचं उत्पन्न लागतं. अनुदानातून इमारती उभ्या राहतात, पगार आणि देखभाल पट्टीतूनच निघायला हवी.

असाच प्रश्न समाजमंदिरांचा, अभ्यासिकांचा, व्यायामशाळांचा, ज्येष्ठ नागरिकांच्या विरंगुळा केंद्रांचा. आमदार-खासदार-नगरसेवक निधीतून महापालिकेच्या मोकळ्या जागांवर अशा शेकडो वास्तू उभ्या राहिल्या. बऱ्याचशा मंडळांच्या ताब्यात नाममात्र भाड्याने गेल्या. काहींत खरोखर वाचनालय चाललं, स्पर्धा परीक्षेची पोरं रात्री अकरापर्यंत अभ्यास करत बसली. काहींत लग्नाचे हॉल चालले आणि भाडं कुणाच्या खिशात गेलं ते गल्लीला ठाऊक होतं. २०१८ नंतर प्रशासनाने रेडीरेकनरच्या, म्हणजे सरकारी बाजारमूल्य तक्त्याच्या, दराशी भाडं जोडायचं ठरवलं, अनेक वास्तूंना सील लागलं. पुन्हा तोच प्रकार: प्रामाणिकपणे अभ्यासिका चालवणारी संस्था आणि हॉल भाड्याने देणारं मंडळ, दोघांना एकच काठी. मिळकतींची छाननी करून सेवा देणाऱ्याला सवलत आणि धंदा करणाऱ्याला बाजारभाव, इतकं साधं करायला कुणी वेळ दिला नाही.

ढोल आणि माफी

वसुलीची तऱ्हाही पाहण्यासारखी. एप्रिल ते जूनमध्ये एकरकमी भरणाऱ्याला उतरती सवलत मिळते. विभागीय कार्यालयांत एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनर मंडळींची रांग लागते ती त्यामुळे. वेळेत न भरणाऱ्याला महिन्याला दोन टक्के शास्ती, म्हणजे वर्षाला चोवीस. सावकारी दरच म्हणा. मग थकबाकी फुगते, आकडा कागदावर शेकडो कोटींचा होतो आणि कुणी भरत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये महापालिकेने थकबाकीदारांच्या दारात ढोल वाजवले. दोन दिवस वर्तमानपत्रांना छायाचित्रं मिळाली. त्यानंतर अभय योजना आल्या, शास्तीची जवळपास सगळी रक्कम माफ. म्हणजे वेळेवर भरणाऱ्याला चार-आठ टक्के सवलत आणि न भरणाऱ्याला कितीतरी मोठी माफी. दर दोन-तीन वर्षांनी अभय योजना येणार हे ठाऊक असेल तर शहाणा माणूस काय करेल? थांबेल.

त्याहून मोठी गळती आहे ती नोंदच नसलेल्या मिळकतींची. काही वर्षांपूर्वी खासगी संस्थेकडून शहराचं सर्वेक्षण करून घेतलं तेव्हा सुमारे साठ हजार मिळकती आकारणीबाहेर सापडल्या. वाढीव मजले, तळमजल्यावर काढलेली दुकानं, निवासी म्हणून नोंदलेली हॉस्टेलं वेगळीच. ज्यांची नोंद आहे त्यांच्यावर टक्के वाढवत राहण्यापेक्षा ही नोंद पूर्ण करणं न्यायाचं आणि फायद्याचंही होतं.

एमआयडीसीतल्या उद्योजकांचं गाऱ्हाणं आणखी निराळं. निमा, आयमा या संघटना वर्षानुवर्षे सांगत आल्या की आम्ही एमआयडीसीला सेवाशुल्क देतो आणि महापालिकेला घरपट्टीही, सेवा मात्र एकाचीच. उलट टोकाला केंद्र सरकारच्या मिळकती. घटनेच्या २८५ व्या कलमाने त्यांना कर माफ. २००९ मध्ये राजकोट महापालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे ठरलं की त्यांनी कर नाही तरी सेवांच्या प्रमाणात ३३ ते ७५ टक्के सेवाशुल्क द्यावं. नाशिकरोडसारख्या रेल्वे आणि केंद्रीय कार्यालयांच्या उपनगरात हा पाठपुरावा हक्काचा आहे.

बाहेर काय घडलं

दोन शेजाऱ्यांना दोन दर, हा प्रकार नाशिकपुरता नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १९७८ मध्ये जनमताने ‘प्रपोझिशन १३’ मंजूर झालं. घराचं करमूल्य खरेदीच्या वेळचं गोठवायचं, वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवायचं नाही, विक्री झाली तरच नव्याने मोजायचं. जुने रहिवासी खूश झाले. कालांतराने एकाच रस्त्यावरच्या सारख्या घरांच्या करात अनेक पटींचा फरक पडला आणि शाळांचा पैसा राज्य सरकारच्या मर्जीवर गेला. चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला, कुणाही राजकारण्याला ते हात लावता आलेलं नाही. नाशिकने हे उदाहरण वेळीच लक्षात घ्यावं.

जवळची उदाहरणंही आहेत. मुंबईने २०१० पासून भाडेमूल्य सोडून भांडवली मूल्य धरलं, म्हणजे रेडीरेकनरच्या किमतीवर कर. २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना माफीही दिली. पण मुंबईची तिजोरी मुंबईची. तिची नक्कल करून नाशिकने सरसकट माफी दिली तर ती भरपाई कुठून करणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला १९७० पासून मिळणारी ४० टक्के सवलत काढली, लोक खवळले, २०२३ मध्ये परत द्यावी लागली. अकोल्यात २००१ नंतर सोळा वर्षं कर हललाच नाही. २०१७ मध्ये एकदम वाढवला, उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये वाढ रद्द केली आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. पुण्याचा आणि अकोल्याचा धडा एकच: वर्षानुवर्षे हात लावायचा नाही आणि मग एका रात्रीत उडी मारायची, हे लोकांना मान्य होत नाही.

पाटण्याने १९९३ मध्ये आणि अहमदाबादने २००१ मध्ये वेगळी वाट धरली. भाड्याचा अंदाज बाजूला ठेवून क्षेत्रफळ, वस्तीचा दर्जा, बांधकामाचं वय आणि वापर असं सूत्र ठरवलं. नागरिकाला घरी बसून आपला कर काढता येतो, निरीक्षकाच्या मर्जीला जागा उरत नाही. पाटण्याची पद्धत सर्वोच्च न्यायालयातही टिकली.

नाशिकला काय करता येईल

पहिलं काम, तारखेची भिंत पाडणं. जुन्या-नव्या सगळ्या मिळकतींना एकच सूत्र लावावं. त्यात इमारतीच्या वयाची घट जरूर धरावी. जुनं घर नव्याहून स्वस्त मोजलं जावं, पण ते झिजेच्या हिशेबाने. नवे दर खाली आणावेत आणि जुनी मूल्यं हळूहळू वर न्यावीत, पाच वर्षांत, दरसाल ठरावीक मर्यादेत. कुणाचंही बिल एका वर्षात दुप्पट होणार नाही याची हमी द्यावी.

दुसरं, ज्याला सवलत द्यायची त्याला उघड नावाने द्यावी. विधवा पेन्शनवर जगणारी बाई, वाड्यातला गरीब भाडेकरू, कसणारा शेतकरी यांना मदत हवीच. शेतीखालची जमीन शेती आहे तोवर शेतीच धरावी. प्लॉट पाडले की मात्र सूट संपली. गोठलेल्या मूल्यातून मिळणारी छुपी सवलत सगळ्यांत जास्त मोठ्या घरांना मिळते, हे विसरू नये.

तिसरं, आकारणीबाहेरच्या मिळकती आधी, दरवाढ नंतर. आणि अभय योजना कायमच्या बंद. शास्तीचा दर माणसाला भरता येईल इतका खाली आणावा, मग माफ करू नये.

चौथं आणि सगळ्यात अवघड, हिशेब गल्लीपर्यंत न्यावा. आपल्या प्रभागातून घरपट्टी किती आली आणि प्रभागात अभ्यासिका, दवाखाना, उद्यान, गटारं यांवर किती खर्च झाला, हे प्रत्येक प्रभागात फलकावर लागलं पाहिजे. पुण्यात २००६ पासून नागरिकांना अंदाजपत्रकात कामं सुचवता येतात. राज्याने २००९ मध्ये क्षेत्रसभांचा कायदाही केला आहे. वस्तीने एकत्र बसून कामांचा अग्रक्रम ठरवावा, असं त्यात आहे. तो कपाटात पडून आहे. वस्तीतली व्यायामशाळा आपल्या पट्टीतून चालते हे दिसलं, की पट्टी भरायला ढोल लागत नाहीत.

२०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आहे. हजारो कोटींची कामं राज्य आणि केंद्राच्या पैशातून होत आहेत, महापालिकेने २०२५ मध्ये गोदावरीसाठी २०० कोटींचे रोखेही काढले. कुंभाचे रस्ते, पूल, मलनिस्सारण केंद्रं साधू गेल्यावर नाशिककरांच्या ताब्यात राहणार आहेत आणि त्यांची वीज, दुरुस्ती, माणसं यांचा खर्च दरवर्षी येणार आहे. रोख्यांचं व्याजही. तो खर्च कुणाच्या खिशातून आणि कुठल्या न्यायाने काढायचा, हे ठरवायची वेळ हीच आहे.

चार वर्षांच्या खंडानंतर शहराला नगरसेवक मिळाले आहेत. त्यांच्यापुढे दरवर्षी २० फेब्रुवारीची मुदत येईल. नाशिककरांनी त्याआधी आपलं बिल काढावं, ‘करयोग्य मूल्य’ हा रकाना पाहावा, समोरच्या इमारतीतल्या माणसाचाही पाहावा आणि दोघांनी मिळून आपल्या नगरसेवकाला विचारावं: सारख्या घराला सारखा कर कधी लावणार? करवाढ रद्द करू, हे उत्तर आता चालवून घेऊ नये.